विनोबांचे उत्तरायुष्य : देणे आणि सोडणे

लोकनेत्याची थोरवी त्याने काय मिळविले यावरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. आचार्य विनोबा भावे यांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. त्यांनी काय सोडले, हे पाहावे लागते. इतरांच्या दानावर चालणाऱ्या संस्थांनी तर ते अवश्य पाहावे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन दलितांनी विनोबांजवळ ८० एकर जमीन मागितली. तेथील रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदानाचा उगम झाला. पुढे तेरा वर्षे विनोबा पायी फिरले. दान म्हणजे दया नव्हे, समान वाटणी होय, असे ते शंकराचार्यांच्या आधारे सांगत. इस्लाममधील जकातीच्या मुळाशीही हाच विचार आहे : संपन्नाच्या धनात गरजूचा हक्क असतो. विनोबा अरबी शिकून मूळ कुराण वाचीत. त्यांनी निवडलेल्या वचनांचे ‘कुराण-सार’ १९६२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या माळव्याशीही त्यांचा संबंध आला. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यानंतर ते इंदुरास आले व सुमारे महिनाभर राहिले. इंदूर ‘सर्वोदयनगर’ व्हावे ही त्यांची इच्छा होती. भिंतींवरील अशोभनीय चित्रांविरुद्ध त्यांनी येथेच आवाज उठविला. १५ ऑगस्ट १९६० रोजी इंदुरात विसर्जन आश्रम स्थापन झाला. कालबाह्य मूल्ये सोडावी आणि नवी घडवावी, असा ‘विसर्जन’ शब्दाचा अर्थ त्यांनी लाविला.

हा अर्थ त्यांच्या आचरणातही होता. चळवळ भरात असताना, १९५६ च्या अखेरीस, त्यांनी भूदान समित्या विसर्जित केल्या व मध्यवर्ती निधीचा आधार सोडला. काम लोकांनीच उचलावे हा हेतू. १९५९ साली पवनारला त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले, त्याचा कारभारही भगिनींच्याच हाती दिला. १९७० साली क्षेत्रसंन्यास घेऊन ते पवनारलाच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले, आणि १५ तारखेस देह ठेविला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

त्यांच्या कार्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दावर कठोर टीका झाली. भूदानात चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन जाहीर झाली. पण तिचा मोठा भाग वाटलाच गेला नाही. काही जमीन नापीक निघाली, काही तंट्यात अडकली. दान कागदावर झाले, पण पुष्कळ ठिकाणी भूमिहीनाचा नांगर त्या जमिनीत चालला नाही.

आपल्या न्यासाने यावरून दोन धडे घ्यावेत. पहिला, जमलेल्या रकमेचा आकडा हा अर्धाच हिशेब होय. शिष्यवृत्ती शाळा उघडण्यापूर्वी मुलाच्या हाती पडली काय, औषध रोग्यापर्यंत वेळेवर पोचले काय, हा उरलेला अर्धा हिशेब दर वर्षी सभेपुढे यावा. दुसरा धडा अधिक कठीण आहे. आपल्यावाचून काम चालेल अशी माणसे तयार करून वडीलधाऱ्यांनी वेळेवर बाजूला व्हावे. या महोत्सवाच्या वर्षी तरुण मुलामुलींच्या हाती हिशेबाची वही देऊन त्याचा प्रारंभ करता येईल.