देशी फुलझाडांच्या रोपांस खत किती व केव्हा

फाल्गुनात अजिंठ्याच्या डोंगररांगांतून बुलढाण्याकडे येताना ज्यांनी पळस फुललेला पाहिला असेल, त्यांस आम्ही विचारतो की, त्या पळसास खत कोणी घातले? कोणीही नाही. तथापि तेच झाड पिशवीत वाढवू लागले म्हणजे पुष्कळांचा हात पहिल्याच आठवड्यात युरियाकडे जातो. आमचाही गेला होता. कुंपणालगत लावण्याकरिता आम्ही बहाव्याची दीडशे रोपे केली व ती दोन पानांवर असताच प्रत्येक पिशवीत चिमूटभर युरिया टाकला. चौथ्या दिवशी पाने करपली. पंधरवड्यात निम्मी रोपे गेली.

ह्याचे कारण असे. उगवत्या रोपाची पहिली शिदोरी बीजदलांतच असते. तोवर त्यास बाहेरचे अन्न नको. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते. ते लहानशा पिशवीत पडले की मुळाभोवतीचे पाणी तीव्र होते, आणि मूळ पाणी ओढण्याऐवजी स्वतःच सुकते. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या बाजूस जो खारपाण पट्टा आहे, तेथील मंडळींनी तर विशेष जपावे. विहिरीचे पाणी आधीच खारे, त्यात रासायनिक खत घालणे म्हणजे क्षारावर क्षार होय. तेथे रोपे थोडकीच करावी, पण ती गोड्या पाण्यावर करावी.

आता एक ध्यानात ठेवण्याजोगा भेद सांगतो. पळस, पांगारा व बहावा ही तिन्ही शेंगांची झाडे खरी. परंतु पळस व पांगारा ह्यांच्या मुळांवर गाठी येऊन त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरितात, बहाव्यास तशा गाठी येत नाहीत. सबब पळसाच्या पिशवीत जुन्या पळसाखालची मूठभर माती मिसळावी आणि नत्र देऊ नये. दिल्यास गाठी धरण्यास अडथळा होतो. बहाव्यास मात्र चारपाच खरी पाने आल्यावर दहा लिटर पाण्यात १० ग्रॅम युरिया विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा द्यावा, व मागून साधे पाणी घालावे.

पिशवीत काळी माती एकटी भरू नये; ती पाणी धरून बसते व रोप बुडाशी कुजून कोलमडते. तीत वाळू आणि वर्षभर मुरलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण कदापि नको.

पाने पिवळी पडली की लगेच खत, हीही चूक आहे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे असे समजावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची उणीव होय. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही रोपास मिळत नाही. तेथे युरियाने काहीच साधत नाही.

पळस वर वाढत नाही म्हणून पुष्कळजण तक्रार करितात. तो आधी खाली सोटमूळ सोडतो. त्यास खत न देता उंच पिशवी द्यावी, आणि मूळ तळाशी वळण्यापूर्वी, पहिला चांगला पाऊस होताच जमिनीत लावावा.