जगाचा अध्यक्ष आणि गृहस्थाची चिंता

गृहस्थाश्रमाला चिंतेचा आश्रम म्हटले, तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. विरक्ताला उद्याच्या धान्याचा विचार नसतो. गृहस्थाला तो करावाच लागतो, आणि तोही केवळ स्वतःपुरता नव्हे, तर वृद्ध मातापिता, मुलेबाळे, आश्रित व अतिथी या सर्वांसाठी. पाऊस लांबला, चाकरी सुटली, घरात दुखणे शिरले, म्हणजे देवपूजेत कधी खंड न पाडणाऱ्याचेही मन विचारू लागते की, या जगाच्या मागे खरोखर कोणी धनी आहे काय? इ. स. २०२० मध्ये महामारीमुळे देशभर व्यवहार थांबले, हातावर पोट असणारी लक्षावधी माणसे शहरे सोडून पायीच गावाकडे निघाली, आणि देवालयांची दारेसुद्धा मिटली. त्या वेळी हा प्रश्न असंख्य घरांत उमटला. प्रश्न नवा नाही. श्रीमद्भगवद्गीतेत त्याचा विचार झालेला आहे. तो नीट समजून घेणे प्रत्येक गृहस्थास हितकारक होईल.

अध्यक्ष म्हणजे कोण?

नवव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात श्रीभगवान स्वतःला प्रकृतीचा अध्यक्ष म्हणवितात. त्यांच्या देखरेखीखाली प्रकृती चराचर सृष्टीला जन्म देते आणि त्याच कारणाने हे जगाचे चक्र फिरत राहते, असा तेथील आशय आहे. अध्यक्ष म्हणजे ज्याच्या नजरेखाली कार्य चालते तो. आज हा शब्द आपण सभेच्या प्रमुखास लावतो. परंतु सभा आटोपली की त्या अध्यक्षाचे काम संपते. भगवंतांचे अध्यक्षपद असे घटकाभराचे नाही. सातव्या अध्यायात मण्यांच्या माळेचा दृष्टान्त आहे: मणी दिसतात, सूत दिसत नाही, पण माळ टिकते ती सुतामुळेच.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कार्य करते ती प्रकृती. नजर आहे ती परमेश्वराची. प्रकृती आपल्या नियमांनी चालते. अग्नी भक्ताचाही हात भाजतो आणि अभक्ताचेही अन्न शिजवितो. नियम असा निःपक्षपाती आहे म्हणूनच शेतकरी विश्वासाने बी पेरू शकतो आणि वैद्य विश्वासाने औषध देऊ शकतो. ईश्वराची सत्ता मानणे म्हणजे तो आपल्या सोयीसाठी पदोपदी नियम मोडील अशी अपेक्षा धरणे नव्हे. नवव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या श्लोकात भगवंतांनी आपण सर्व भूतांच्या ठायी सम आहोत, आपणास कोणी द्वेष्य नाही व कोणी प्रिय नाही, असेच सांगितले आहे. भक्तीने भजणारे मात्र त्यांच्या ठायी असतात आणि ते भक्तांच्या ठायी, हेही तेथेच आहे.

योगक्षेमाचा अर्थ

परंतु त्याच अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो, असे आश्वासन आहे. योग म्हणजे जे मिळालेले नाही ते मिळणे, क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण. मग भक्ताच्या घरी मृत्यू का येतो, असे कोणी विचारील. ही शंका टाळून चालणार नाही.

ज्याला गीता सांगितली गेली त्या अर्जुनाचेच उदाहरण पाहावे. त्याचे सारथ्य साक्षात श्रीकृष्णांनी केले. तथापि युद्धाच्या तेराव्या दिवशी अर्जुनाचा तरुण पुत्र अभिमन्यू चक्रव्यूहात पडला. तो श्रीकृष्णांचाही भाचा होता. अठरा अध्यायांत कोठेही भगवंतांनी अर्जुनाला, तुझ्या घरातील कोणी मरणार नाही, असे वचन दिलेले नाही. यावरून योगक्षेमाचा अर्थ संसाराचा विमा असा करता येत नाही, हे उघड आहे. भक्ताचे जे खरे धन, म्हणजे ईश्वराशी असलेला संबंध आणि धर्मावरील स्थिर बुद्धी, त्याचे प्राप्ती-रक्षण भगवंत करतात. देहनिर्वाहही त्यांच्याच इच्छेने चालतो. पण देह नाशवंतच राहतो. अभिमन्यूच्या मृत्यूने अर्जुन शोक करतो, सुभद्रा रडते, आणि श्रीकृष्ण तिचे सांत्वन करतात. श्रद्धावान गृहस्थाच्या डोळ्यांत अश्रू येऊ नयेत, असा नियम कोणीही घातलेला नाही.

दैव पाचवे आहे

दुसरी शंका उलट बाजूने येते. सर्वच ईश्वराधीन असेल तर मनुष्याने धडपड कशास करावी? अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कर्मसिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. शेतीचे उदाहरण घेतल्यास जमीन हे अधिष्ठान, शेतकरी हा कर्ता, नांगर, बैल व बियाणे ही साधने, नांगरणी, पेरणी, खुरपणी या क्रिया, आणि वेळेवरचा पाऊस हे दैव. दैवाची गणना शेवटी आहे. पहिल्या चारांत कसूर करून पाचव्याकडे बोट दाखविणाऱ्यास गीतेचा आधार मिळणार नाही; आणि पहिली चार सांभाळूनही पीक बुडाले, तर स्वतःला दोष देत झुरणाऱ्यासही हाच श्लोक मोकळे करतो. भगवंत स्वतः तिसऱ्या अध्यायात सांगतात की, त्यांना मिळवावयाचे काही उरलेले नसतानाही ते कर्म करीतच असतात. जगाचा अध्यक्षच जेथे आळशी नाही, तेथे त्याच्या भक्ताने हात जोडून नुसते बसून राहणे शोभत नाही.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. सुटका होईपर्यंत देह टिकेल की नाही, हेही निश्चित नव्हते. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. अखेरची भेटही झाली नाही. १९१४ मध्ये सुटल्यावर हस्तलिखित सरकारकडून परत मिळण्यास विलंब लागला, तेव्हा इतरांना काळजी वाटू लागली. पण ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, पुन्हा लिहिता येईल, अशीच त्यांची वृत्ती होती. वह्या परत आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. फळावर हक्क न सांगता कर्म नेटाने करणे म्हणजे काय, हे या एका चरित्रप्रसंगात पाहावयास मिळते.

दोन दुःखांचे दोन नियम

ईश्वरी सत्तेच्या विचाराचा एक दुरुपयोग मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. शेजाऱ्यावर आपत्ती आली की, ‘त्याचे कर्म’, ‘देवाची इच्छा’, असे म्हणून स्वस्थ राहणे सोपे असते. परंतु चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन असल्याचे सांगितले आहे; ती दुसऱ्याच्या बाबतीत आपणांस उमगली, असे मानण्याचा अधिकार कोणास आहे? सहाव्या अध्यायात तर दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याप्रमाणेच जो पाहतो, त्यालाच श्रेष्ठ योगी म्हटले आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात, राजाची इतराजी ओढवेल हे जाणूनही, सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करतात, अशी कथा परंपरेने जपली आहे. भुकेल्यांना दैवावर सोपवून ते स्वतः निश्चिंत झाले नाहीत. भुकेल्यांना त्यांनी धान्य दिले आणि स्वतःला विठ्ठलावर सोपविले. स्वतःच्या दुःखात शरणागती आणि परक्याच्या दुःखात सेवा, हा योग्य क्रम होय. अनेकदा आपण नेमके याच्या उलट वागतो.

नित्याचा अभ्यास

ही श्रद्धा संकटाच्या दिवशी एकाएकी उत्पन्न होत नाही. तिचा रोज अभ्यास करावा लागतो. गृहस्थाने पुढील तीन गोष्टी नियमाने कराव्यात.

(१) प्रातःकाळी, आजच्या कामात आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, याचा विवेक करावा. हाती असलेले कर्तव्य म्हणून स्वीकारावे, नसलेले भगवंतांच्या नजरेखाली ठेवावे.

(२) चिंतेच्या वेळी, ज्याला आपल्यापेक्षा अधिक अडचण आहे अशा एकाला यथाशक्ति साह्य करावे. मग ते शेरभर धान्य असो किंवा आजाऱ्यापाशी बसलेली रात्र असो.

(३) सायंकाळी घरातील मंडळींनी एकत्र बसून गीतेचा एक तरी श्लोक अर्थासह वाचावा, आणि दिवसाचे यशापयश ईश्वरास अर्पण करून निजावे.

सर्व उपदेश सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला, याचा पूर्ण विचार करून तुला इच्छा होईल तसे कर, असे सांगितले. ज्याची सत्ता सर्व विश्वावर आहे, त्याने मनुष्याच्या विवेकाचा असा मान राखला आहे. अर्जुनाने पुढे काय घडेल ते विचारले नाही; संशय गेला, आता सांगाल तसे करीन, एवढेच तो म्हणाला आणि त्याने धनुष्य उचलले. उद्याचा दिवस कसा उगवेल, हे आपणांसही ठाऊक नाही. तथापि आजचे कर्तव्य समोर आहे, आणि ज्याच्या नजरेखाली ते करावयाचे तो अध्यक्ष जागा आहे. एवढ्या आधारावर गृहस्थाने आपला संसार निर्भयपणे चालवावा.