ब्याऐंशी मीटरांपलीकडे

वऱ्हाडात ज्वारीची कणसे दाण्यांनी भरू लागली, की पाखरांच्या झुंडी शेतावर उतरतात. अशा वेळी अकोला-अमरावतीकडील शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. गोफणीत दगड ठेवायचा, ती डोक्याभोवती गरगरा फिरवायची आणि नेमक्या क्षणी एक दोरी सोडून द्यायची. दगड सणाणत दूर जातो. नुसत्या हाताने फेकलेला दगड इतका लांब कधीच जात नाही. दोरीमुळे जणू हाताचीच लांबी वाढते, आणि वर्तुळ मोठे झाले म्हणजे टोकावरील दगडाचा वेगही वाढतो. मैदानी खेळांतील हातोडाफेक याच तत्त्वावर उभी आहे.

नाव हातोडा असले, तरी हे साधन लोहाराच्या हातोड्यासारखे नसते. धातूचा गोळा, त्याला जोडलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मूठ, असे त्याचे तीन भाग असतात. स्त्रियांसाठी त्याचे वजन 4 किलो आणि लांबी सुमारे 1.2 मीटर असते. खेळाडू 2.135 मीटर व्यासाच्या वर्तुळात उभी राहते, हातोडा डोक्याभोवती फिरवते, मग त्याच्यासह स्वतः तीन-चार गिरक्या घेते आणि तो सोडून देते. शेवटच्या गिरकीत हातांवर शंभर किलोहून अधिक वजन टांगल्यासारखी ओढ बसते. ती केवळ दंडाच्या बळावर सोसवत नाही; गुडघे वाकवून, पाय रोवून सारे शरीर तोलून धरावे लागते. तोल क्षणभर ढळला, तर हातोडा भलतीकडे जातो. म्हणून वर्तुळाभोवती उंच जाळी उभारलेली असते.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हातोडाफेक 1900 साली सुरू झाली. स्त्रियांना त्यासाठी आणखी शंभर वर्षे थांबावे लागले. 1936 साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्या बर्लिनमध्ये स्त्रियांसाठी फेकीचे दोनच प्रकार होते : थाळीफेक आणि भालाफेक. हातोडा स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, असा समज तेव्हा रूढ होता. अखेर 2000 साली सिडनी येथे स्त्रियांना ही संधी मिळाली, आणि पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्का हिने अवघ्या सतराव्या वर्षी 71.16 मीटर फेक करून पहिले सुवर्णपदक मिळविले.

त्याच पोलंडमधील राविच या गावी 8 ऑगस्ट 1985 रोजी अनिता व्लोदार्चिक हिचा जन्म झाला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला पदक मिळाले नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, पोर्तुगालमधील सराव शिबिरात, कामिला अकाली मृत्यू पावली. तिचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पुढे कामिलाचा हातमोजा वापरून अनिता मैदानात उतरू लागली.

ऑगस्ट 2009 मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत अनिताने 77.96 मीटर फेक करून विश्वविक्रम केला. आनंदाने उड्या मारताना तिचे पाऊल मुरगळले. पण तिच्या फेकीपुढे त्या दिवशी कोणालाही जाता आले नाही. 1936 साली ज्या नगरीत स्त्रीच्या हाती हातोडा दिला गेला नव्हता, तेथेच 73 वर्षांनी हे घडले.

यानंतर तिला एका वेगळ्याच कसोटीला तोंड द्यावे लागले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आणि 2013 च्या मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत ती दुसरी आली. दोन्ही वेळा एकच खेळाडू तिच्या पुढे होती. त्या खेळाडूने उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे पुढे सिद्ध झाले व ती दोन्ही सुवर्णपदके अनिताला देण्यात आली. लंडनच्या निकालाला मात्र चार वर्षे लागली. पदक परत मिळाले. भरल्या मैदानात ते स्वीकारण्याचा क्षण कोणाला परत देता येणार? ज्याने अन्यायाने जिंकले त्याने धातूच्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोलाची वस्तू हिरावून घेतलेली असते.

अनिता तक्रारीत गुंतून राहिली नाही. 1 ऑगस्ट 2015 रोजी तिने 81.08 मीटर फेक केली. 80 मीटरांची मर्यादा ओलांडणारी ती पहिली स्त्री होय. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 82.29 मीटर फेकून तिने सुवर्णपदक मिळविले. त्याच महिन्यात वॉर्सा येथे, कामिलाच्या स्मरणार्थ भरलेल्या स्पर्धेत, तिचा हातोडा 82.98 मीटर गेला. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब असते. अशी तीन मैदाने एकापुढे एक मांडली, तरी हे अंतर त्यांच्या पलीकडे जाईल!

2019 साली गुडघ्यावरील शस्त्रक्रियेमुळे तिला जागतिक स्पर्धेस मुकावे लागले. तरी 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 78.48 मीटर फेकीने तिने तिसरे सुवर्णपदक मिळविले. मैदानी खेळांच्या एकाच वैयक्तिक प्रकारात लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली.

2024 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती पॅरिसमध्ये पुन्हा त्या लहानशा वर्तुळात उभी राहिली. तिची फेक 74.23 मीटर गेली, तिसऱ्या क्रमांकाची 74.27 मीटर. केवळ 4 सेंटिमीटरांनी, म्हणजे सुमारे दोन बोटांच्या अंतराने, तिचे पदक हुकले. या वेळी पुढे गेलेल्या तिघींचा विजय निर्मळ होता. विद्यार्थ्यांनो, लंडनमधील दुसरा क्रमांक आणि पॅरिसमधील चौथा क्रमांक यांपैकी कोणता पराभव अधिक सुसह्य वाटतो, याचा विचार तुम्हीच करा.

स्वाध्याय

1. गोफण आणि हातोडा यांत साम्य कोणते व फरक कोणता?
2. ‘पदक परत मिळाले, भरल्या मैदानात ते स्वीकारण्याचा क्षण कोणाला परत देता येणार?’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
3. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अकाली, रूढ, सुसह्य.
4. आपल्या शाळेच्या मैदानावर 82.98 मीटर अंतर मोजून पाहा व त्याचे पाच ओळींत वर्णन लिहा.