कंपायलरने अंदाज बांधणे सोडले

एक मीटर लांबीच्या लोलकाचा आवर्तनकाल तुम्ही वर्गात काढलेला असेल. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर उत्तर २.००७ सेकंद येते. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी हेच गणित संगणकाला घातले. उत्तर आले तीस कोटी सेकंदांच्या वर. म्हणजे एक आंदोलन पुरे व्हायला साडेनऊ वर्षे! मुलाने सूत्र तपासले, वर्गमूळ तपासले, पायची किंमत तपासली. सगळे बरोबर होते. दीड तास असा गेला. चूक सूत्रात नव्हतीच. कंपायलरने मुकाट्याने बांधलेल्या एका अंदाजाने हा घोटाळा केला होता. जीसीसी नावाच्या कंपायलरने हा अंदाज बांधणे मे २०२४ मध्ये निघालेल्या १४ व्या आवृत्तीपासून सोडून दिले आहे. ते का, हे आज पाहू.

संगणकाच्या प्रक्रियकाला ० आणि १ यांच्या आज्ञांखेरीज काही कळत नाही. आपण प्रोग्रॅम लिहितो तो 'सी'सारख्या भाषेत. मधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. जीसीसी हा असाच एक दुभाष्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम लोकांच्या हाती दिला. त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. कोणीही तो वाचावा, त्यात दुरुस्ती सुचवावी. लिनक्स ही संगणकप्रणाली प्रामुख्याने याच कंपायलरच्या आधाराने वाढली. म्हणून त्याने एक सवय बदलली की हजारो प्रोग्रॅमांना त्याची झळ पोहोचते.

आता तो अंदाज कोणता ते पाहा. आमच्या विद्यार्थ्याने आवर्तनकाल काढणारे फंक्शन एका फाइलमध्ये लिहिले आणि दुसऱ्या फाइलमधून ते वापरले. ते फंक्शन कोणत्या जातीची संख्या परत देते, हे दुसऱ्या फाइलीत आधी एका ओळीत सांगायला हवे होते. ती ओळ राहून गेली. प्रयोगशाळेतल्या जुन्या जीसीसीने तक्रार केली नाही. त्याने मनाशी धरून चालले की, ज्याअर्थी काही सांगितलेले नाही त्याअर्थी हे फंक्शन पूर्णांकच देत असणार.

प्रत्यक्षात ते अपूर्णांक देत होते. आजच्या बहुतेक संगणकांत पूर्णांकाचे उत्तर एका रजिस्टरमध्ये ठेवले जाते आणि अपूर्णांकाचे निराळ्याच रजिस्टरमध्ये. २.००७ हे उत्तर आपल्या जागी व्यवस्थित येऊन बसले होते. पण घेणारा गेला शेजारच्या खणाकडे, आणि तिथे पडलेले जे काही हाती लागले तेच त्याने उत्तर म्हणून छापले.

तुम्ही म्हणाल, असा वेडगळ नियम केला तरी कोणी? पण तो वेडगळ नव्हता. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली. तिच्या आधीच्या 'बी' या भाषेत जाती नव्हत्याच; सगळे काही यंत्राच्या एका शब्दात मावायचे. सी ज्या पीडीपी-११ या यंत्रावर वाढली, त्यावर पूर्णांक १६ बिटांचा आणि स्मृतीतला पत्ताही १६ बिटांचाच होता. फंक्शनने संख्या दिली काय आणि पत्ता दिला काय, अंदाज बहुधा खरा ठरे. शिवाय टंकलेखनाचे श्रम वाचत!

पुढे यंत्रे बदलली. आज ६४ बिटांच्या लिनक्स संगणकावर पत्ता ६४ बिटांचा असतो, पूर्णांक मात्र ३२ बिटांचाच. फंक्शनने पत्ता दिला आणि कंपायलरने तो पूर्णांक समजून घेतला, तर निम्मा पत्ता गळून पडतो. पिनकोडाचे उदाहरण घ्या. ४११०३० हा पुण्याचा आणि ४०००३० मुंबईचा. पोस्टमनने शेवटचे तीनच अंक टिपले तर त्याच्या हाती '०३०' उरेल. आता पत्र टाकायचे कुठे?

यातली खरी खोच पुढेच आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या संख्या बसतात. पत्ता त्यांतल्या खालच्या निम्म्या भागात पडला, तर वरचे गळलेले बिट सगळे शून्यच असतात आणि प्रोग्रॅम अगदी सुरळीत चालतो. पत्ता त्याहून मोठा निघाला की तोच प्रोग्रॅम कोसळतो. आज चालतो, उद्या कोसळतो, दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा चालतो! अशी चूक शोधणे म्हणजे तापमानाबरोबर बदलणारा सैल जोड शोधण्यासारखे आहे, आणि त्याचा त्रास मी चांगलाच ओळखतो.

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणग्रंथानेच हा नियम काढून टाकला होता. तरी जीसीसीने तो पंचवीस वर्षे चालू ठेवला, कारण जुने प्रोग्रॅम अडले असते. २०१५ च्या ५ व्या आवृत्तीपासून तो न मागताही इशारा देऊ लागला. पण इशारे कोण वाचतो? क्लँग या दुसऱ्या खुल्या कंपायलरने २०२३ मध्ये इशाऱ्याची चूक केली, आणि पुढच्या वर्षी जीसीसीने तेच केले. पूर्णांक आणि पत्ता यांची अदलाबदल, न जुळणाऱ्या जातींचे पत्ते एकमेकांना देणे, हेही त्याच वेळी चुकांच्या यादीत गेले. आता भाषांतरच होत नाही.

यात एक गंमत झाली. पुष्कळ जुनी सॉफ्टवेअर बांधण्याआधी एक तपासनीस प्रोग्रॅम चालतो. या संगणकावर अमुक सोय आहे का, हे पाहण्यासाठी तो चार ओळींचा नमुना लिहून कंपायलरकडे धाडतो. भाषांतर झाले तर सोय आहे, नाही तर नाही. हे नमुनेच वर्षानुवर्षे ढिलाईने लिहिलेले! नव्या कंपायलरने ते नाकारले, तपासनिसाने समजूत करून घेतली की सोयच नाही, आणि सॉफ्टवेअर ती सोय वगळून निमूटपणे तयार झाले. सोय हजर, आणि चूक कुठेच दिसत नाही. एक मुका अंदाज घालवताना दुसरा मुका अंदाज पुढे आला. म्हणून फेडोरा या लिनक्स-संचाच्या कार्यकर्त्यांनी १४ वी आवृत्ती येण्याआधीच जुने नमुने हुडकून दुरुस्त करायला घेतले होते. हे काम कष्टाचे, पण माझ्या मते ते वीस वर्षे आधीच व्हायला हवे होते.

ज्यांना जुना प्रोग्रॅम तसाच चालवायचा आहे त्यांच्यासाठी 'एफ-परमिसिव्ह' हा पर्याय ठेवला आहे. तो दिला की चुकांचे पुन्हा इशारे होतात. तुमच्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर याच पर्यायाने लोलकाचा प्रयोग करून पाहा. दोन फाइली करा, ओळख करून देणारी ओळ मुद्दाम गाळा, उत्तर अपूर्णांकाच्या चलात घ्या आणि सहा दशांश स्थळांपर्यंत छापा. लांबी १ मीटर घ्या, मग ४ मीटर. खरी उत्तरे २.००७ आणि ४.०१४ सेकंद. तुम्हाला काय मिळेल ते आधी सांगता येत नाही, परंतु दशांशचिन्हापुढे सहाही शून्येच असतील. ती का, हे वरच्या मजकुरावरून शोधा. मग ती एक ओळ घाला आणि पुन्हा चालवा.