लिनक्स फोन सुरू करताना चार-चार पासवर्ड? कोणतं कुलूप ठेवायचं, कोणतं काढायचं



जुना पोको एफ१ किंवा वनप्लस ६ घरात पडून असेल, तर त्यावर पोस्टमार्केटओएस टाकून दुकानाच्या कामाला लावता येतो, हे आपण व्हिडिओत पाहिलं. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स दुसऱ्या फोनवरच ठेवा. पण स्टॉक, उधारी आणि ग्राहकांचे नंबर यांसाठी हा फोन चालतो.

अडचण सकाळी येते. समजा, ऐरोली स्टेशनजवळ तुमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. माइंडस्पेसला जाणारी मंडळी घाईत आहेत, आणि फोन एकामागून एक पासवर्ड मागतोय. कंटाळून मुलगा सगळीकडे १२३४ ठेवतो, नाहीतर पासवर्ड कागदावर लिहून काउंटरला चिकटवतो. म्हणजे कुलपं चार, पण राखण शून्य!

आधी समजून घ्या: कोण काय विचारतंय?

१. डिस्कचा पासवर्ड. हे दुकानाचं शटर. फोन बंद असताना आतला सगळा डेटा लक्स पद्धतीने कुलूपबंद असतो.

२. सिमचा पिन. हे कुलूप फोनचं नाही, सिमकार्डचं आहे.

३. स्क्रीनचा पिन. हा काउंटरचा दरवाजा. फोन चालू असताना कोणी उचलला, तर हाच अडवतो.

४. कीरिंगचा पासवर्ड. कीरिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. ईमेल आणि इतर खात्यांचे पासवर्ड यात असतात.

मग अँड्रॉइड एवढं का विचारत नाही? तिथे स्क्रीनचा पिनच तुमच्या डेटाचं कुलूपही उघडतो. लिनक्स फोनवर हे भाग वेगवेगळ्या लोकांनी बनवलेत, म्हणून प्रत्येक जण आपापली किल्ली मागतो.

आता एकेक कुलूप पाहू

कीरिंग: इथे सगळ्यात जास्त सुटका. कीरिंगचा आणि लॉगिनचा पासवर्ड वेगळा पडला, की हा प्रश्न येतो. लॉगिनचा पिन रूट वापरकर्त्याकडून बदलला, तर कीरिंगचा जुनाच राहतो. उपाय असा:

- ‘पासवर्ड्स अँड कीज’ हे ॲप उघडा.
- ‘लॉगिन’ नावाच्या कीरिंगचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड लॉगिनचाच ठेवा.
- फोन बंद करून चालू करा.

तरीही विचारतोय? मग तुमचा फोन बहुधा आपोआप लॉगिन करतोय. लॉगिनला पासवर्ड टाकलाच नाही, तर जुडगा उघडणार कशाने? अशा वेळी कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवता येतो. ‘पासवर्ड उघडे राहतील’ असा इशारा येईल, तो खरा आहे. म्हणून डिस्कला कुलूप असेल तरच हे करा. शटर बंद असेल तर जुडगा आत खिळ्याला टांगलेला चालतो, शटर नसेल तर नाही.

सिमचा पिन: आधी नंबर कोणता ते बघा. बँकेचा ओटीपी याच सिमवर येतो? मग पिन काढू नका. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालेल, तेव्हा हाच पिन त्याला अडवेल. काउंटरचा फोन वायफायवर चालत असेल, तर सिमच काढून ठेवा. पिनचा प्रश्नही गेला आणि धोकाही गेला. लक्षात ठेवा, तीन वेळा पिन चुकला की पीयूके लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

स्क्रीनचा पिन: ठेवायचा. फक्त तयार इमेजसोबत आलेला पिन बदला. पोस्टमार्केटओएसचा १४७१४७ आणि मोबियनचा १२३४ साऱ्या जगाला माहीत आहे.

डिस्कचा पासवर्ड: याला हात लावायचा नाही. उलट तो लांब करा. चार आकडी पिनच्या जोड्या फक्त १०,००० होतात. फोन हाती लागलेला माणूस डिस्कची नक्कल करून संगणकाकडून त्या सगळ्या तपासून घेऊ शकतो, तिथे ‘तीन चुका झाल्या, थांबा’ म्हणणारं कोणी नसतं. त्यामुळे पाच-सहा असंबद्ध शब्दांचं वाक्य ठेवा.

लक्सच्या नव्या आवृत्तीत एकाच डिस्कला ३२ पर्यंत वेगवेगळे पासवर्ड देता येतात. एक तुमचा, एक भागीदाराचा, एक पाकिटात बंद करून घरच्या कपाटात. सगळे विसरलात तर डेटा परत मिळत नाही, म्हणून बॅकअप हवाच.

हिशेब काय झाला?

चारवरून दोनवर आलो: सकाळी एक लांब पासवर्ड, मग स्क्रीनचा पिन. रात्री फोन चार्जिंगला लावून चालूच ठेवला, तर लांब पासवर्ड अपडेटनंतरच लागेल. पण चालू फोनचं शटर उघडं असतं. दुकानात राहणाऱ्या फोनपुरतं सांगायचं, तर रात्री बंद केलेला बरा.

ग्राहकांचे नंबर ही त्यांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही डेटा नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे कुलूप काढताना एकच प्रश्न विचारा: हे कुलूप कोणाला अडवतं? उत्तर ‘फक्त मला’ असेल, तर काढा. उत्तर ‘चोराला’ असेल, तर ठेवा.

आजचा गृहपाठ: फोन बंद करून चालू करा. किती वेळा पासवर्ड मागतो ते वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर वरच्या प्रश्नाचं उत्तर लिहा. बॅकअप घ्या, आणि मगच सेटिंगला हात घाला.