मांजराची मूत्रखूण : आधी निदान, मग उपाय

‘‘डॉक्टर, आमचा बोका हल्ली पडद्यावर पिचकारी मारतो, काही औषध आहे का?’’ असा प्रश्न आपणांपैकी अनेकांना शेजाऱ्यांनी केव्हा ना केव्हा विचारला असेल. आपण माणसांचे डॉक्टर, हे सांगून भागत नाही. शिवाय आपल्यापैकी कित्येकांच्या घरीही मांजरे आहेत. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार येथे करू.

खूण आणि लघवी : दोन भिन्न क्रिया

लघवी करताना मांजर बसते, जमिनीसारख्या आडव्या पृष्ठभागावर करते आणि मूत्राचे प्रमाण बरेच असते. खूण करताना ते उभे राहते, भिंत, दार, पडदा किंवा सोफ्याची कड यांच्याकडे पाठ करते, ताठ उभारलेल्या शेपटीचे टोक थरथरवते आणि थोडेसेच मूत्र मागे उडवते. पहिली क्रिया उत्सर्जनाची, दुसरी संदेशाची. ‘हा मुलूख माझा आहे’ किंवा ‘मी वयात आलो आहे’ असा तो निरोप असतो. न खच्ची केलेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल विपुल असते व त्याच्या विघटनातून तो उग्र दर्प निर्माण होतो. हे फेलिनीन तयार होण्यात कॉक्सिन या मूत्रातील प्रथिनाचा वाटा असल्याचे जपानी संशोधकांनी 2006 साली दाखविले.

प्रथम आजार वगळावा

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. आमचा चार वर्षांचा, खच्ची केलेला बोका एकदा न्हाणीघराच्या कोपऱ्यात पुनःपुन्हा बसू लागला. थेंब-दोन थेंब सांडत. मी ती खोड समजलो, रागावलो आणि त्याला गच्चीवर हाकलले. दुसऱ्या दिवशी तो ओकू लागला व निपचित पडला. पशुवैद्यांनी पोटावर हात ठेवला, तेव्हा मूत्राशय चेंडूसारखे टणक लागले. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता आणि रक्तातील पोटॅशियम वाढू लागले होते. नळी घालून मार्ग मोकळा केला, म्हणून तो वाचला. रुग्ण माणूस असता तर पोट तपासल्यावाचून मी मत दिले नसते.

तेव्हा वारंवार बसणे, कुंथणे, ओरडणे, लघवीत रक्त दिसणे किंवा लघवीच न होणे ही खुणेची लक्षणे नव्हेत. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. तरुण मांजरांत या तक्रारींचे कारण जंतुसंसर्ग क्वचितच असते. बहुधा तो तणावाशी निगडित, अज्ञातहेतुक मूत्राशयदाह असतो. त्यामुळे घरातल्या कपाटातील प्रतिजैविक देण्याचा मोह आवरावा.

निर्बीजीकरण

आजार नसून खूणच आहे असे ठरल्यावर पहिला उपाय निर्बीजीकरणाचा. प्रौढ बोक्यांना खच्ची केल्यावर दहांपैकी सुमारे नऊ जणांत ही सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते. बहुतेकांत फरक लवकर दिसतो, काहींत काही महिने लागतात. पाच-सहा महिन्यांच्या वयात, सवय जडण्यापूर्वीच, शस्त्रक्रिया केलेली उत्तम. मांजरीही माजावर असताना खूण करतात. त्यांनाही हाच उपाय लागू आहे. तथापि निर्बीजीकरणानंतरही सुमारे दहा टक्के बोके व पाच टक्के मांजरी खूण करीत राहतात. तेथे कारण बहुधा परिस्थितीत असते.

घरातील कारणांचा शोध

खुणा कोठे आढळतात, याची नोंद ठेवावी. दारे-खिडक्यांपाशी असल्यास बाहेरच्या बोक्याचा संशय घ्यावा. इंदूरच्या जुन्या वस्तीत घराला घर लागून असल्याने गच्च्यांवरून असे पाहुणे सहज येतात. खिडकीचा खालचा भाग झाकला, तरी उपयोग होतो. नवे फर्निचर, पाहुण्यांच्या बॅगा, घरात आलेले दुसरे मांजर हीही कारणेच. दिवाळीची रंगरंगोटी झाली की आपल्याला घर प्रसन्न वाटते, पण मांजराच्या दृष्टीने त्याचे सारे ओळखीचे गंध पुसले गेलेले असतात.

मांजरे जितकी, त्याहून एक अधिक मातीचा ट्रे ठेवावा. तो अन्नापासून दूर असावा व रोज साफ करावा. खुणेची जागा एन्झाइमयुक्त धुलाईच्या पावडरीने धुऊन, पाण्याने खळबळून वाळवावी. अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याच्या वासाने पुन्हा खूण होण्याचा संभव असतो. फिनाईल तर मुळीच नको. पंजाला लागलेले फिनाईल मांजर चाटते आणि फिनॉलवर्गीय द्रव्ये निर्विष करण्याची त्याच्या यकृताची क्षमता तोकडी असते. मारणे किंवा मूत्रात नाक घासणे याने भीती वाढते, आणि भीतीने खुणा वाढतात.

औषधांविषयी सावधगिरी

एवढे करूनही खुणा थांबल्या नाहीत, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीन देता येते. फ्लुऑक्सेटीनचा गुण 2001 मधील नियंत्रित चाचणीत स्पष्ट दिसला, मात्र औषध थांबविल्यावर खुणा परतूही शकतात. नावे ओळखीची असली, तरी मात्रा आपण ठरवू नये. मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. ग्लुकुरॉनाइड संयोगाचा मार्ग दुबळा असल्याने पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

सारांश, नीट पाहणे, आजार वगळणे, कारण शोधणे आणि शेवटी औषध, हा क्रम आपण रोज रुग्णांसाठी पाळतो. घरातल्या मुक्या सोबत्यासाठीही तो पाळावा. तो आपली तक्रार सांगू शकत नाही. भिंतीवरचा तो ओला डाग हेच बहुधा त्याचे निवेदन असते.