विजेने पाय हलले, हृदयाचे काय?

मांडीला पट्ट्या चिकटवायच्या, बटण दाबायचे आणि खुर्चीत बसूनच व्यायाम करायचा! अशा यंत्रांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. धावल्याने हृदयाला व फुप्फुसांना होणारा फायदा ह्या यंत्राने मिळेल काय?

विजेने स्नायू आकुंचन पावतो, हे खरे. इटलीतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. आपल्या शरीरातही मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून विद्युत्स्पंदांच्या रूपाने स्नायूंपर्यंत जाते. यंत्र असेच स्पंद बाहेरून देते. समजा, ५० मिलिअँपिअरचा प्रवाह केवळ ३०० मायक्रोसेकंद वाहिला. प्रवाहाला काळाने गुणा. विद्युतभार येतो १५ मायक्रोकूलोम. मज्जातंतू उद्दीपित करण्यास एवढा पुरतो.

आता एक प्रयोग करा. मात्र दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर करू नका. शांत बसून मिनिटभर नाडी मोजा. मग मिनिटभर एका हाताची मूठ उघडा-मिटा आणि लगेच नाडी मोजा. थोड्या विश्रांतीनंतर मिनिटभर जागच्या जागी धावून पुन्हा मोजा. तिसरा आकडा सर्वांत मोठा का येतो? धावताना शरीरातील मोठमोठे स्नायू एकाच वेळी प्राणवायू मागतात. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलणारे निरोगी तरुणाचे हृदय कठोर श्रमात २० लिटरपर्यंत रक्त ढकलते. ही वाढती मागणी वारंवार पुरवूनच ते सक्षम होते.

यंत्र मुख्यतः पट्ट्यांखालच्या स्नायूंनाच कामाला लावते. शिवाय आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा स्नायुतंतू आळीपाळीने काम करतात. यंत्र मात्र त्याच त्या तंतूंना पुन्हा पुन्हा जुंपते. ते लवकर थकतात. त्यामुळे प्राणवायूची मागणी सहसा धावण्याइतकी वाढत नाही.

मग यंत्र निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेले काही रुग्ण ह्या स्पंदांच्या साहाय्याने जागेवरची सायकल चालवतात व त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढू शकते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी माणसांच्या पायांच्या मोठ्या स्नायूंना कित्येक आठवडे असे स्पंद दिले, तेव्हा ही क्षमता सुमारे १० टक्क्यांनी वाढली. म्हणजे नियम तोच: मोठे स्नायू, मोठी मागणी.

एक सक्त सूचना. घरातील विजेवर असा प्रयोग कधीही करू नका. तिचा प्रवाह स्पर्श असेपर्यंत वाहतच राहतो व छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पेसमेकर बसवलेल्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे यंत्रही वापरू नये.

नाडीचे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. दोन महिने रोज धावण्याचा सराव करा आणि पुन्हा मोजा. विश्रांतीतील नाडी कमी झालेली आढळली, तर त्याचे कारण काय असेल, ते स्वतःच शोधा.